सागरी टाकीच्या नावाखाली मिठागराचं मीठ

गोव्यात घरी खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची ज्यांची इच्छा आहे, त्यांनी दुकानात पैसे मोजण्याआधी हे वाचावं म्हणून लिहितो आहे. तिसवाडीतल्या एका दुकानदाराने मीठ, जिवाणू, मासे असं एकेक विकत मला फसवलं आणि दर वेळी मासा मेला की दोष माझ्या नवखेपणावर टाकला. तक्रार चालू असल्यामुळे दुकानाचं नाव देत नाही. त्याची पद्धत मात्र सविस्तर सांगतो, कारण असं करणारा तो एकटाच असेल यावर माझा विश्वास नाही.

"नवीन माणसाकडून चुका होतातच काका, मनाला लावून घेऊ नका," असं तो म्हणायचा. बोलणं असं की ऐकणाऱ्याला तो आपलाच माणूस वाटावा. नवशिक्यांच्या चुका त्याला तोंडपाठ होत्या. घाईने मासे सोडणं, जास्त खायला घालणं, पाणी वेळेवर न बदलणं, आपसांत न पटणारे मासे एकत्र ठेवणं. या यादीतलं काही ना काही कुठल्याही घरी लागू पडतंच. मासा मेला की यातली एक चूक तो माझ्या पदरात घालायचा आणि लगेच तिच्यावरची बाटली काउंटरवर ठेवायचा. त्याने विकलेल्या मालाकडे बोट दाखवायला जागाच उरत नसे. ही खरी फसवणूक. पैशांची त्याच्या नंतर येते.

आता मिठाचं सांगतो. सागरी टाकीला लागणारं मीठ म्हणजे स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे. समुद्राच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम क्लोराइड सर्वांत जास्त असलं तरी कॅल्शियम साधारण ४१० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम साधारण १३०० मिलिग्रॅम लागतंच, शिवाय पाण्याचा सामू (पीएच) ८.१ ते ८.३ च्या आसपास धरून ठेवणारी क्षारताही (अल्कलिनिटी, खारटपणा नव्हे) लागते. हे सगळं प्रमाणात मिसळलेलं मीठ बाजारात मिळतं आणि ते महाग असतं. दोनशे लिटरच्या टाकीला पहिल्याच भरणीत सात किलोंहून अधिक लागतं, पुढे पाणी बदलताना पुन्हा पुन्हा लागतं. दुकानदार म्हणाला, "इंपोर्टेड माल आहे, मोठी बादली फोडून सुटं देतो, तुम्हाला स्वस्त पडेल." साध्या प्लास्टिकच्या पिशव्या, त्यांवर ना नाव, ना पत्ता, ना तारीख.

पाणी तयार करून त्याने माझ्या डोळ्यांसमोर रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकला आणि दाखवलं, "बघा, बरोबर ३५." ते खोटं नव्हतं, आणि त्यामुळेच ते पटलं. रिफ्रॅक्टोमीटर पाण्यातून प्रकाश किती वळतो एवढंच मोजतो. पाण्यात क्षार किती ते तो सांगतो, कुठले ते सांगू शकत नाही. नुसतं खाण्याचं मीठ विरघळवूनही आकडा ३५ वर आणता येतो.

आणि त्याने तेच केलं होतं. चतुर्थीला भाचा घरी आला. तो गोवा विद्यापीठात समुद्रविज्ञान शिकतो. पिशवीत हात घालून त्याने खडे चोळले आणि विचारलं, "मामा, हे मीठ तुम्हाला कोणी दिलं?" खडे मोठे, ओलसर, राखाडी, मधेमधे काळे कण. टाकीसाठी बनवलेलं मीठ बारीक, कोरडं आणि पांढरंशुभ्र असतं. त्याने ते मीठ आरओच्या पाण्यात मिसळून टेस्ट किटवर तपासलं. कॅल्शियम शंभराच्याही खाली भरलं. क्षारता जवळजवळ नव्हतीच. मी जे इंपोर्टेड म्हणून घेतलं होतं ते मिठागराचं जाडं मीठ होतं.

आगरवाडो, हडफडे, नेरूल इथली मिठागरं आपण लहानपणापासून बघतो. वाफ्यातलं पाणी आटत जातं तसं आधी चुन्याचे क्षार खाली बसतात, मग जिप्सम, त्यानंतर खाण्याचं मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहतं. आगरी माणूस मधला टप्पा ओढून काढतो. जेवणासाठी ते उत्तम, त्याच्या घामाला मी नमस्कार करतो. पण माशांच्या टाकीला नेमकं जे हवं तेच या प्रक्रियेत वेगळं होऊन गेलेलं असतं. त्यांचं प्रामाणिक मीठ खोट्या नावाने विकलं गेलं, याचा मला अजून राग आहे.

टाकीत काय होत होतं ते यानंतर कळलं. गोगलगायींच्या शंखांना खड्डे पडत होते आणि दुकानदार सांगत होता, "खाणं कमी पडतंय." अमोनियाचं रूपांतर करणाऱ्या जिवाणूंनाही काम करताना क्षारता लागते. ती नव्हती, म्हणून टाकी तयारच होत नव्हती.

टाकी तयार होणं म्हणजे काय, हे नीट समजून घ्या, कारण दुसरी फसवणूक इथे होते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. या वसाहती दगडांवर आणि फिल्टरमध्ये जमायला सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. मला जिवाणूंची म्हणून एक बाटली दिली आणि तीन दिवसांनी मासे न्यायला या म्हणून सांगितलं. पाणी तपासून घेतो म्हटल्यावर त्याने रंगीत पट्टी बुडवली आणि "सगळं ओके" म्हणाला. त्या पट्टीवर सामू, नायट्राइट, नायट्रेट, कडकपणा असे चौकोन होते. अमोनियाचा चौकोनच नव्हता. बाजारातल्या पुष्कळ पट्ट्यांवर तो नसतो. नवीन टाकीत माशांना मारतो तो अमोनिया, आणि नेमका तोच मोजला गेला नाही. अमोनियाचं थेंबांचं किट स्वतः विकत घ्या. टाकीत थोडा अमोनिया घालून, तो आणि नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्यावर येतात का आणि नायट्रेट दिसतं का, हे आपल्या घरी, आपल्या डोळ्यांनी बघा. दुकानातल्या तपासणीवर मासा घेऊ नका.

मासे विकतानाही त्याने निळा टँग गळ्यात मारायचा प्रयत्न केला. हा मासा जवळपास ३० सेंटिमीटर वाढतो, दोनशे लिटरमध्ये तो कोंडून मरणारच. मी नेले ते दोन क्लाउनफिश. त्यांनी घरी आल्यापासून तोंडात घास घेतला नाही. दोन्ही गेले. क्लाउनफिशची पैदास भारतात होते, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते तंत्र विकसित केलेलं आहे. त्यामुळे टाकीत जन्मलेला मासा मागण्यात काही गैर नाही. परदेशात काही ठिकाणी समुद्रात सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडतात, आणि तसा मासा दिसायला ठणठणीत असूनही पुढे काही दिवसांत मरतो. मासा कुठला ते दुकानदार सांगत नसेल, तर निदान तो दुकानातच खातोय हे दाखवायला सांगा. न खाणारा मासा कितीही सुंदर असला तरी तिथेच राहू द्या.

पावसाळ्यात हाच माणूस "अस्सल समुद्राचं पाणी" कॅन भरून विकत होता. मांडवी आणि जुवारी जून ते सप्टेंबर लाल माती घेऊन वाहतात. मिरामारचं पाणी तेव्हा कसं दिसतं ते पणजीत राहणाऱ्याला सांगायला नको. त्याचा खारटपणा उतरलेला असतो आणि गावोगावचं सांडपाणी त्यात मिसळलेलं असतं.

यापुढचं सर्वांत गंभीर आहे. मीठ आणि मासे यांत पैसे जातात, इथे तुरुंगवास होऊ शकतो. दुकानाच्या आतल्या खोलीत त्याने मला प्रवाळाचे तुकडे आणि एक समुद्रघोडा दाखवला आणि म्हणाला, "कोणाला सांगू नका, तुमच्यासाठी ठेवलाय." १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत रीफ (समुद्रातले प्रवाळ-खडक) बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे (पंख्याच्या आकाराचे प्रवाळ) आणि सर्व समुद्रघोडे येतात. म्हणजे कायद्यापुढे ते वाघाच्या रांगेत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतल्या गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. गुन्हा विकणाऱ्याचा तसाच विकत घेणाऱ्याचाही. ग्रँड आयलंडजवळ आपलाच थोडासा प्रवाळ उरला आहे. तो कोणाच्या टाकीत जाण्यासाठी नाही. कोणी असं काही दाखवलं तर तिथून बाहेर पडा आणि वन खात्याला कळवा. मी कळवलं आहे.

आता तक्रारीचं. बिलावर "सागरी मीठ, इंपोर्टेड" असं त्याच्या हातचं लिहिलेलं होतं, म्हणून माझी बाजू उभी राहिली. आवेष्टित वस्तूवर पॅक करणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन, महिना-वर्ष आणि किंमत हवीच. आयात माल असेल तर मूळ देशही. बिनलेबलची पिशवी हाच पुरावा आहे. ग्राहक संरक्षण कायद्याखाली उत्तर गोव्याचा आयोग पर्वरीला आहे, दक्षिणेचा मडगावला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर बोललात तरी चालतं.

तुमच्याकडे अशी सुट्या मिठाची पिशवी असेल तर ती रिकामी करू नका. मूठभर मीठ कोरड्या डब्यात ठेवा, पिशवीचे आणि बिलाचे फोटो काढा, आणि त्या मिठाच्या पाण्याची कॅल्शियम व क्षारतेची चाचणी दुसऱ्या कोणाकडून करून घ्या.