राखेच्या तलावाचा बांध तपासताना: बिशप, फायनाइट एलिमेंट आणि त्याआधीचा निर्णय

खाणीतून खनिज काढल्यावर उरलेला गाळ साठवणारा तलाव आणि औष्णिक केंद्राची राख साठवणारा तलाव, दोघांच्या बांधाचं गणित जवळपास एकच. आपल्या खान्देशात दुसरा प्रकार आहे. भुसावळजवळच्या दीपनगर केंद्राची राख पाण्यात कालवून पाइपाने वेल्हाळे शिवारातल्या तलावात सोडतात. अशा बांधाचा उतार तपासायचं काम ज्यांच्याकडे आलं आहे, किंवा कुणीतरी केलेल्या अहवालावर ज्यांना सही करायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

सहसा पहिला वाद पद्धतीवर होतो. लिमिट इक्विलिब्रियममध्ये घसरू शकणारा भाग उभ्या चकत्यांत कापतात आणि मातीची ताकद घसरवणाऱ्या जोराच्या किती पट आहे ते काढतात. हाच फॅक्टर ऑफ सेफ्टी, म्हणजे सुरक्षेचा गुणांक. बिशपची १९५५ची पद्धत गोल घसरपृष्ठासाठी चांगली. १९६५ची मॉर्गनस्टर्न-प्राइस कोणत्याही आकाराचं पृष्ठ घेते आणि बल व आघूर्ण (फिरवणारा जोर) दोन्हींचा समतोल पाळते. फायनाइट एलिमेंटमध्ये, म्हणजे बांध छोट्या तुकड्यांत विभागून संगणकावर सोडवताना, पृष्ठ आधी मानावं लागत नाही. बांध कोसळेपर्यंत मातीची ताकद टप्प्याटप्प्याने कमी करत जातात, आणि बांध किती सरकेल, कुठे फुगेल हेही दिसतं. मात्र त्यासाठी मातीच्या कडकपणाची विश्वासार्ह आकडेवारी लागते, आणि ती बहुतेक फायलींत नसते.

माझं मत स्पष्ट आहे: सुरुवात मॉर्गनस्टर्न-प्राइसने करा. ताकद आणि पाणी तेच धरलं, तर तिची आणि फायनाइट एलिमेंटची उत्तरं बहुधा जवळ येतात. निव्वळ गोल पृष्ठावर थांबू नका, कारण आपल्याकडे बांधाखाली काळी माती असू शकते. फुगणारी, भिजली की मऊ पडणारी ही माती पातळ थरात असली, तरी घसरण गोल न जाता त्या थरातून आडवी निघते. कॅनडातल्या माउंट पॉलीचा बांध २०१४ मध्ये फुटला तो पायातल्या अशाच कमकुवत चिकणमातीच्या थरामुळे.

खरा निर्णय याच्या आधीचा आहे: पाण्याची पातळी कुठे धरायची आणि ताकद कोणती घ्यायची.

पाण्याचं आधी. १:३ उतार (एक उभं, तीन आडवं), घर्षणकोन ३० अंश, चिकटपणा शून्य. बांध कोरडा असेल तर उथळ घसरणीसाठी गुणांक येतो १.७३. तोच उतार पूर्ण भिजून पाणी उताराला समांतर झिरपू लागलं, तर साध्या मातीत तो सुमारे ०.८७ होतो. राखेत त्याहून वाईट, कारण राख हलकी. तिची विशिष्ट घनता २.१ आणि पोकळी-गुणोत्तर (पोकळ्यांचं घन कणांशी प्रमाण) १ धरलं, तर गुणांक ०.६च्या आसपास येतो. राखेला साधी माती धरून बांध तपासणारा अहवाल म्हणूनच मला पटत नाही. बांधातली चर किंवा गाळणी थोडी बुजली, तरी सॉफ्टवेअर बदलून पडला नसता एवढा फरक पडतो.

आता ताकद. ड्रेन्ड विश्लेषण गृहीत धरतं की दाब वाढताना पाणी निघून जायला वेळ मिळतो. हळूहळू वाढवलेल्या, नीट निचरा होणाऱ्या भागाला ते योग्य. पण पाण्यात मुरून बसलेली सैल राख कातरताना आक्रसते, पाणी अडकतं आणि दाब एकदम चढतो. ड्रेन्डमध्ये ताकद उभ्या प्रभावी दाबाच्या (एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा करून उरलेल्या) ०.५८ पट असेल, तर अशा पदार्थाची अनड्रेन्ड, म्हणजे पाणी अडकलेलं असतानाची, ताकद साधारण ०.२ ते ०.२५ पट, आणि द्रवीकरण झाल्यावर, म्हणजे राख द्रवासारखी वाहू लागल्यावर, बहुधा ०.१च्या आसपास किंवा त्याहूनही खाली. जुन्या राखेवरच पुढचा बांध चढवत आतल्या बाजूला सरकत गेलेला तलाव असेल, म्हणजे अपस्ट्रीम पद्धतीचा, तर अनड्रेन्ड विश्लेषण टाळणं मला अक्षम्य वाटतं.

ब्राझीलमधला ब्रुमाडिन्होचा बांध अशाच पद्धतीने वाढवलेला होता. तिथे गाळ टाकणं थांबूनही बराच काळ झाला होता. २५ जानेवारी २०१९ला तो काही सेकंदांत विरघळला. २७० माणसं गेली. आधीच्या वर्षीच्या तपासणीत अनड्रेन्ड स्थितीचा गुणांक १.०९ निघाला होता. आकडा समोर होता.

आयएस ७८९४ हे भारतीय मानक मातीच्या धरणासाठी स्थिर झिरपणाच्या स्थितीत १.५ आणि भूकंपासह १.० गुणांक मागतं. जळगाव, धुळे, नंदुरबार भूकंपक्षेत्र ३ मध्ये धरले जात आले आहेत, तेव्हा भूकंपाची तपासणी सोडता येत नाही. पण हे आकडे दाबून बसवलेल्या मातीचे आहेत. पहिल्या सरकण्यानंतर ताकद झपकन गमावणाऱ्या राखेला १.५ मिळाला म्हणून समाधान मानू नका. द्रवीकरणानंतरच्या ताकदीनेही तपासून १च्या वर राहतो का ते पाहा.

फायनाइट एलिमेंटवर खर्च कधी करावा? बांध सरकताना किंवा फुगताना दिसत असेल, उंची वाढवायची असेल, किंवा पायथ्याशी वस्ती असेल तर. पैसे तुटपुंजे असतील, तर ते आधी शंकू-चाचणीला (जमिनीत शंकू दाबून ताकद मोजण्याला) आणि पिझोमीटरना (बांधातल्या पाण्याचा दाब मोजणाऱ्या उपकरणांना) द्या. नोंदी मात्र फक्त मे महिन्यातल्या नकोत. आपला पाऊस जून ते सप्टेंबरात उरकतो आणि बांधातली पातळी त्यानंतरही चढलेली असू शकते. सप्टेंबर-ऑक्टोबरची सगळ्यात उंच नोंद विश्लेषणात घाला.