प्लग पाना आणि फीलर गेज: सात महिन्यांच्या वापरानंतर

माझी गाडी १२५ सीसीची, कार्बोरेटरवाली, तेरा वर्षं जुनी. सकाळी दहा-बारा किका मारल्याशिवाय सुरू होईना आणि खंबाटकी घाट चढताना मिसिंग करायची. वर्षभरात गॅरेजमध्ये तीन स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा भाग) बदलून झाले. दर वेळी दोन-तीन आठवडे बरे जायचे, मग पुन्हा तेच. जुना प्लग काढला की थेट भंगारात. तो कसा दिसतोय हे कुणी बघितलंच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून प्लग काढायचा १६ मिमीचा पाना आणि फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा, घेतला. पहिल्यांदा प्लग काढला तर टोक काळंकुट्ट आणि कोरडं, बोटाला तव्याच्या बुडासारखी काजळी. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर उघडला, धुळीने गच्च! शिवाय गॅपमध्ये, म्हणजे जिथे ठिणगी पडते त्या टोकाच्या फटीत, ०.६ मिमीची पाती जेमतेम जात होती, गाडीच्या पुस्तिकेत ०.८ ते ०.९ दिलाय. नवा प्लग न मोजताच बसवला होता. फिल्टर बदलला, प्लग साफ करून गॅप ०.८ केला. तोच प्लग आजही चालतोय, दुसऱ्या किकला गाडी सुरू.

हीच काजळी ओली, तेलकट असती तर इंजिनात तेल शिरू न देणाऱ्या पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलकडे बघावं लागलं असतं. टोक पांढरं, फोड आल्यासारखं दिसलं तर इंजिन तापतंय किंवा प्लग चुकीच्या हीट रेंजचा (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचं माप) आहे. माझा आता बिस्किटाच्या रंगाचा आहे, तसाच हवा. मात्र रंग बघायचा तर गाडी चांगली पळवून लगेच बंद करा. उभ्या उभ्या चालू ठेवलेल्या गाडीचा प्लग काळाच दिसतो. आणि इंजिन थंड झाल्याशिवाय पाना लावू नका, ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात.

गेज उत्तम, फक्त पात्यांना तेलाचा हात लावून ठेवा, माझी एक पावसाळी हवेत गंजली. पान्यावर मी नाराज आहे. चौथ्या महिन्यात प्लग धरून ठेवणारं आतलं रबर निघालं आणि सुटलेला प्लग खाचेतून वर येईना. शेवटी पेट्रोलच्या नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर दाबून तो ओढून काढला. आता बसवतानाही तीच नळी वापरतो. आटा तिरका लागला तर नळी हातातच घसरते, पान्याने ते कळत नाही.