रास मोजावी की घेर?

गोव्यात भट्टीसाठी काजूचं सरपण घेताना रास मोजणं सोपं. 2 × 1 × 1 मीटर, म्हणजे सुमारे 70.6 घनफूट. पण त्यात पोकळीही आली! सरळ फोडलेली लाकडं नीट रचली तर भरीव लाकूड साधारण 65 टक्के, म्हणजे 46 घनफूट. काजूच्या वाकड्या फांद्यांत त्याहून बरंच कमी. या मापाला इमारती लाकडाचा दर लावूच नये.

फणसाच्या ओंडक्याला मात्र घेरच घ्यावा: साल काढून, मधोमध, दोरी आवळून. इंचांतल्या घेराच्या चौथाईचा वर्ग, गुणिले फुटांतली लांबी, भागिले 144. घेर 48, लांबी 10 असेल तर 10 घनफूट. खरं घनफळ 12.7, फरक कापणीतल्या तुटीचा धरतात. दोरी सैल राहून घेर 2 इंच जास्त आला, तर माप साडेआठ टक्क्यांनी फुगतं.