बायोलॉजी प्री-मेडसाठी टेक्ससमधली कुठली स्टेट युनिव्हर्सिटी? आम्ही काय बघितलं आणि काय निवडलं

लेकीला डॉक्टर व्हायचंय आणि मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, बायोलॉजी. यूटी ऑस्टिनची ऑटोमॅटिक ॲडमिशन तेव्हा वर्गातल्या वरच्या 6 टक्क्यांना होती (2026 च्या फॉलपासून 5 टक्के झाली), त्यात ती बसली नाही, मग उरलं यूटी डॅलस, टेक्सस ए अँड एम आणि युनिव्हर्सिटी ऑफ ह्यूस्टन. तिन्हीचे बायोलॉजीचे डिग्री प्लॅन शेजारी ठेवून वाचले तर फरक अक्षरशः शोधावा लागतो. कारण प्री-मेड, म्हणजे मेडिकल स्कूलला जायची तयारी, हे मुळात मेजर नाहीच, काय शिकायचं ते मेडिकल स्कूलं ठरवतात, बायोलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, इंग्लिश, आणि हे सगळं तिन्हीकडे नीट मिळतं. त्यामुळे रँकिंगवर भांडत बसू नका, मी तरी रँकिंग बघणं सोडूनच दिलं.

फरक पडतो तो प्री-हेल्थ ॲडव्हायझिंगमध्ये, म्हणजे मेडिकलला जाणाऱ्या मुलांना कॉलेजात मिळणाऱ्या मार्गदर्शनात. या तिघांशिवाय आम्ही अजून एक कॅम्पस बघितला होता, नाव नको, तिथे ॲडव्हायझरला विचारलं की कमिटी लेटर (मेडिकल स्कूलसाठी कॉलेजच्या समितीचं एकत्रित शिफारसपत्र) देता का, तर उत्तर मिळालं सगळं वेबसाइटवर आहे बघून घ्या. अहो, मुलगी समोर बसलीय, वही उघडून! यूटी डॅलसला मात्र आमच्याशी बोललेल्या बाईंनी कागद घेऊन मागून पुढे हिशोब मांडला, टीएमडीएसएएसचा (टेक्ससच्या मेडिकल स्कूलांचा सामायिक) अर्ज मे महिन्यात उघडतो, त्याच्या आधी एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा, त्याच्या आधी बायोकेमिस्ट्री झालेली हवी कारण 2015 पासून एमकॅटमध्ये बायोकेमिस्ट्रीवर बराच भर आहे, म्हणजे ऑरगॅनिक कुठल्या सेमिस्टरला संपायला हवं हे आपोआप कळतं. तो कागद अजून लेकीच्या टेबलावर आहे.

जागेचं म्हणाल तर ह्यूस्टन सगळ्यात भारी. टेक्सस मेडिकल सेंटर कॅम्पसपासून काही मैलांवर, व्हॉलंटियरिंग आणि शॅडोइंगला (डॉक्टरसोबत राहून काम बघायला) याहून चांगली जागा देशात क्वचितच असेल, शिवाय त्यांचं स्वतःचं मेडिकल कॉलेज 2020 ला सुरू झालंय, प्रायमरी केअरवर भर देणारं. ए अँड एमचं कॅम्पस लेकीला सगळ्यात जास्त आवडलं होतं, तिथलं वातावरणच वेगळं, मुलं एकमेकांना धरून असतात, आणि व्हेटरिनरी स्कूल तिथेच असल्यामुळे बायोलॉजीच्या पोरांना रिसर्च लॅब शोधायला वाव मोठा. पण कॉलेज स्टेशनहून ह्यूस्टन गाडीने साधारण दीड तास, दर आठवड्याला क्लिनिकमध्ये जायचं तर जवळपासचंच काहीतरी शोधावं लागतं. यूटी डॅलस रिचर्डसनला, यूटी साउथवेस्टर्न हे मेडिकल स्कूल आणि पार्कलंड हॉस्पिटल ट्रॅफिक नसेल तर अर्ध्या तासात, आणि आमचं घर शेजारच्याच प्लेनोत. राहण्याचा खर्च वाचला की तो पैसा पुढे मेडिकल स्कूलला कामाला येतो, हा विचार आमच्याकडे सगळ्यात वजनदार ठरला.

क्लास मोठे आहेत, कुठेही गेलात तरी, पहिल्या दोन वर्षांत शेकडो पोरं एका हॉलमध्ये. म्हणून मी लेक्चरपेक्षा ऑफिस अवर्स, म्हणजे प्रोफेसर मुलांच्या शंका सोडवायला बसतात ती वेळ, बघायला सांगेन. आम्ही एकदा ऑरगॅनिकच्या ऑफिस अवर्सच्या दाराशी थांबलो होतो, आत चार-पाच मुलं जमिनीवर बसून मॉडेल किटचे काळे-पांढरे गोळे जोडून सायक्लोहेक्झेन या रेणूचा खुर्चीसारखा आकार बनवत होती, प्रोफेसर एकेकाची खुर्ची हातात घेऊन उलटी करून विचारत होते, आता हा हायड्रोजन वर की बाजूला? असे प्रोफेसर पुढे रेकमेंडेशन लेटरमध्ये पोराबद्दल खरं काहीतरी लिहू शकतात. लेकीने तिथेच मन बनवलं, ते यूटी डॅलसच होतं.

आता दोन नियम, जे आम्हाला टूरवर कुणी आपणहून सांगितले नाहीत. एक, टेक्ससच्या स्टेट कॉलेजांत अंडरग्रॅडला एकूण सहाच कोर्स ड्रॉप करता (मधेच सोडता) येतात, 2007 पासूनचा राज्याचा कायदा आहे, कॉलेज बदललं तरी आकडा सोबत येतो. म्हणून पहिल्याच सेमिस्टरला केमिस्ट्री, बायोलॉजी, कॅल्क्युलस आणि लॅब सगळं एकदम घेऊ नये. दोन, कोर्स परत घेतला तर युनिव्हर्सिटी कदाचित जुना ग्रेड काढून टाकेल, पण टीएमडीएसएएस आणि एएमसीएएस (देशातल्या बहुतेक बाकी मेडिकल स्कूलांची अर्जपद्धत) दोघंही कोर्सचे दोन्ही प्रयत्न धरतात, सायन्स जीपीएमध्येसुद्धा. म्हणून जिथे पोर शांतपणे चांगले ग्रेड काढू शकेल तिथे घाला, नावाच्या मागे लागून नको.

आणि टेक्ससच्या लोकांनी राज्याबाहेर पळायची घाई करू नये. इथल्या सरकारी मेडिकल स्कूलांना कमीत कमी 90 टक्के जागा टेक्ससच्या रेसिडेंट्सना द्याव्या लागतात आणि रेसिडेंट फीसुद्धा देशाच्या मानाने बरीच कमी.

कुणी अभिमानाने ॲक्सेप्टन्स रेट सांगितला की लगेच विचारा, यात कोण कोण धरलंय? काही कॉलेजं फक्त ज्यांना कमिटी लेटर दिलं त्यांचीच टक्केवारी सांगतात, मधेच प्री-मेड सोडून गेलेली पोरं त्यात दिसतच नाहीत. फर्स्ट इयरला किती जणांनी प्री-मेड म्हणून सुरुवात केली आणि शेवटी किती जणांनी अर्ज केला, हे दोन आकडे मागा, लेखी मिळाले तर उत्तम.