दुर्बिणीतला लाल दिवा

उजव्या भुवईवर चार टाके घालताना वाळपईच्या डॉक्टरांनी विचारलं, "पडलात कुठे?" मी म्हटलं, झावळी लागली. त्यांनी माझ्याकडे आणि बायकोनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की दोघांनाही ते पटलं नाही हे मला कळलं. पुढचे काही महिने मी तेच सांगत होतो. आता लिहितोय, कारण मला बंदुकीवर बसवायची दुर्बीण विकणाऱ्या त्या माणसाची तीच जाहिरात परवा आमच्या बागायतदारांच्या ग्रुपवर पुन्हा फिरताना दिसली.

आमचं कुळागर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. पोफळी, माड, मिरी, आणि ओहळाच्या पलीकडे भाताचा तुकडा. आजोबांच्या वेळची दुनळी बाराबोर बंदूक शेतराखणीच्या परवान्यावर आता माझ्या नावावर आहे. विकणारा तिला सारखा 'हंटिंग गन' म्हणत होता. शिकार आपल्याकडे चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि रात्री शेतात उतरणारा गवा तर गोव्याचा राज्यप्राणी. आमची बंदूक बार काढून रानडुकरं पळवण्यापुरती.

मग दुर्बीण कशाला, असं शेजारचे नाना तेव्हाही म्हणाले होते. "बाबा, आवाज काढायला डोळा कशाला हवा?" मी त्यांना समजावत बसलो. रात्री सुरणाच्या वाफ्यात काहीतरी हलतं, ते डुक्कर की गवा की कुणाची सुटलेली म्हैस, हे बार काढण्याआधी कळायला नको का? प्रश्न बरोबर होता. उत्तर मात्र मी जाहिरातीत शोधलं.

जाहिरातीत लिहिलं होतं: ३-९×४०, नाइट व्हिजन, वॉटरप्रूफ, बाराबोरला चालेल, भोक पाडायची गरज नाही. वर एका नामांकित अमेरिकन कंपनीचं नाव. किंमत १४,५००. मूळ वस्तू याच्या दुप्पट-तिप्पट, "पण दादा, तुम्ही आपले गोंयकार म्हणून." फोनवर माणूस गोड, मराठी-कोंकणी मिसळून बोलणारा. म्हापशाला दुकान आहे, पण रंगकाम चाललंय, म्हणून सध्या कुरिअरनं पाठवतो. निम्मे पैसे आधी यूपीआयवर, निम्मे पार्सल हातात आल्यावर. पार्सल उघडून बघितल्यावर पैसे देतो म्हटलं, तर म्हणाला, "दादा, विश्वास नाही का?" या वाक्याला आपल्याकडे भले भले गार पडतात. मीही पडलो.

वेळही त्यानं नेमकी साधली, किंवा माझं नशीब तसं. मे २०२४. लोकसभेची आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, तशी माझी मार्चपासून जमा होती. ७ मेला मतदान झालं, ४ जूनला निकाल लागला, मग बंदूक घरी आली. दुर्बीण तोपर्यंत तीन आठवडे कपाटात खोक्यात होती. परत करायची मुदत सात दिवसांची. बंदूक हातात नसताना मी तिच्यावर बसवायची वस्तू विकत घेतली. एवढं एक वाक्य कुणी लक्षात ठेवलं तरी पुरे.

बसवायला घेतली तेव्हा पहिली गडबड कळली. दुर्बिणीच्या पकडी ११ मिलिमीटरच्या खाचेसाठी होत्या. तशी खाच छऱ्याच्या एअरगनला असते. आमच्या दुनळीला खाच नाही आणि पट्टीही नाही, दोन नळ्यांमध्ये नुसती अरुंद रिब. फोन केला, तर म्हणाला, "दादा, घट्ट आवळा, बसते." मी खाली रबर घालून आवळली. आजोबांनी पन्नास वर्षं तेल लावून जपलेल्या रिबवर दोन ओरखडे उठले, ते अजून आहेत. त्यातल्या त्यात एक बरं केलं, लेथवाल्याकडे जाऊन भोक पाडून घेतलं नाही. ते काम परवानाधारक गनस्मिथचं, आणि जुन्या नळीला भोक पाडायला तोही तयार होणार नाही.

नाइट व्हिजनचं तर विचारूच नका. मागच्या बाजूला एक गोल बटण. फिरवलं की आतल्या फुलीच्या रेघा लाल होतात, उलटं फिरवलं की हिरव्या. बस. रात्रीचं दिसण्याशी त्याचा संबंध देवळातल्या लायटिंगचा देवाशी असतो तेवढाच. फुली उजळते, डुक्कर अंधारातच राहतं. उलट त्या लाल दिव्यानं डोळा दिपून जे थोडंफार दिसलं असतं तेही दिसत नाही. खऱ्या नाइट व्हिजनचं यंत्रच वेगळं असतं आणि किमतीही वेगळ्या. ३-९×४० मध्ये ३ ते ९ म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते ते, आणि ४० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४० ला ९ नं भागा: साडेचार मिलिमीटरच्या आत. नऊपटीवर एवढाच प्रकाशाचा ठिपका डोळ्यापर्यंत येतो. रात्री मोठ्या झालेल्या बाहुलीला तो अपुरा पडतो. हा हिशोब मी टाके पडल्यावर केला.

टाके असे पडले. जुलैत पाऊस थोडा उघडला होता, रात्री अकराच्या सुमाराला वाफ्यात खसखस झाली. मी बंदूक खांद्याला लावली. दुर्बिणीत नुसता काळोख आणि मध्ये लाल फुली. काहीतरी दिसावं म्हणून डोळा पुढे पुढे नेला. खरं तर एवढ्या धक्क्याच्या बंदुकीवर डोळा आणि काच यांत किमान साडेतीन-चार इंच अंतर राहूनही पूर्ण चित्र दिसायला हवं. नंतर पट्टी लावून मोजलं, तर या वस्तूत अडीच इंचांवरच चित्र मिळतं. एअरगनवर चालतं तसं. बांधाच्या मातीत बार काढला आणि दुर्बिणीचा काठ भुवईत घुसला. दुसऱ्या क्षणी पकड सरकून दुर्बीण नळीवर आडवी झाली. डुकरं पळाली, ते आवाजानं. नाना बरोबर होते.

लागलं त्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीनं मला रात्रभर झोप लागली नाही. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून ज्याच्याकडे बघाल, त्याच्यावर भरलेली नळी रोखलेली असते. म्हैस आहे की माणूस हे ओळखायला मी त्याच्यावर बंदूक धरत होतो. त्या ओहळावर पाण्याची पाळी बघायला रात्री शेजारचा मुलगा येतो. मला हवी होती ती चांगली टॉर्च. ती नंतर आणली, दुर्बिणीच्या किमतीच्या दहाव्या हिश्शात.

आणि दुर्बीण अस्सल निघाली असती तरी काय? बॉक्सवर लिहिलंय, एक क्लिक म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच. तीस यार्डांवर जेमतेम दोन मिलिमीटर. बाराबोरचे छरे त्या अंतरावर दीड-दोन हात रुंद पसरतात. गुळगुळीत नळीच्या छऱ्याच्या बंदुकीला पुढच्या टोकाचा पितळी मणी पुरतो, आजोबांना पुरला तसा. एकच गोळी असलेली स्लग काडतुसं वापरणाऱ्यांना परदेशात दुर्बीण लागत असेल, सत्तरीतल्या सुरणाच्या वाफ्याला नाही.

तक्रारीचं सांगतो. बिल मी पहिल्यांदा नीट वाचलं ते ऑगस्टमध्ये. त्यावर 'खेळणं, प्लास्टिक' असं लिहिलंय, आणि जीएसटी क्रमांक ०७ नं सुरू होतो. गोव्याचा ३० नं सुरू होतो, ०७ दिल्लीचा. म्हापशाच्या दुकानाचं बिल दिल्लीचं! एका शुक्रवारी बाजाराला गेलो तेव्हा तो पत्ताही शोधला. तिथे पाववाल्याचं दुकान आहे, कित्येक वर्षांचं. त्यानं मला पाहून विचारलं, "तुमीय दुर्बिणीक आयिल्ले?" म्हणजे मी पहिला नव्हतो.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे तारीख विचारली आणि क्षणभर गप्प झाल्या. पैसे गेल्या गेल्या कळवलं असतं तर पुढच्या खात्यात थांबवता आले असते, आता तक्रार नोंदवते, म्हणाल्या. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, सुद्धा सांगितलं. पैसे आले नाहीत. माझे तीन महिने लाजेत गेले, आणि तो माणूस त्या लाजेवरच धंदा करतो.

दुर्बीण आता भाचा वापरतो. सोप्यावर बसून भेडल्या माडावर येणारे धनेश बघतो. तीनपटीवर दिवसा बरं दिसतं, नाही असं नाही. परवा पावसात 'वॉटरप्रूफ'च्या आतल्या काचेवर बाष्प धरलं, तर बराच वेळ तो बाहेरूनच पुसत बसला होता.