घड्याळदुरुस्तीसाठी चिमटा घ्यायचा तर पितळी की स्टीलचा?

सुरुवातीला एकच चिमटा घ्यायचा असला की इथेच अडतं.

ओरखड्यांच्या बाबतीत पितळ सरस. ब्रिजच्या (चाकं वरून धरून ठेवणाऱ्या पट्टीच्या) मुलाम्यावर किंवा स्क्रूच्या पॉलिश केलेल्या डोक्यावर त्याचा सहसा चरा उठत नाही. मऊ टोकांत भाग नीट बसतो, त्यामुळे रुबी (चाकाचा आस ज्यात फिरतो तो इवलासा खडा) टुणकन उडण्याची भीतीही कमी. स्टीलमध्ये जरा जास्त दाबलं की रुबी टेबलाखाली शोधायची.

चुंबकत्वाचा प्रश्न पितळाला नाहीच. साधं स्टील मात्र चुंबकीय होतं, ते चुंबकत्व हेअरस्प्रिंगला (घड्याळाची गती ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला) लागलं की तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळतं. स्टील घ्यायचंच तर अँटीमॅग्नेटिक घ्या.

टिकाऊपणात स्टील पुढे. पितळी टोकं वाकतात, बोथट होतात. 1000 नंबरच्या पॉलिश पेपरवर ती पुन्हा जुळवावी लागतात. उजेडासमोर धरून टोकं आधी मिटतात ना, ते पाहा. मागे फट उरली तर चालेल, टोकाशी नको.

बॅटरी बदलायला दोन्ही नकोत. धातूचा चिमटा सेल शॉर्ट करतो, तिथे प्लास्टिकचा.

एकूण जोडणी आणि स्क्रूंसाठी पितळी. हेअरस्प्रिंगला हात घालणार असाल, तरच 5 नंबरचा, म्हणजे अगदी बारीक टोकांचा स्टीलचा, आणि तो दुसऱ्या कशालाही वापरू नका.