बॅटरीवालं सोलर की नेट मीटरवालं? दोन्ही वापरून सांगतो

मुलुंडला आमचं एकमजली जुनं घर आहे, गच्ची आमचीच. २०१९ मध्ये तिथे ३३५ वॉटचे दोन पॅनल, १५० एएच (अँपिअर-अवर) साठवणीची एक ट्युब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती लेड-अ‍ॅसिड बॅटरी, आणि ८५० व्हीए भार पेलणारा सोलर इन्व्हर्टर बसवला. पन्नासेक हजारांत काम झालं. २०२४ मध्ये बॅटरीने मान टाकली आणि प्रश्न पडला: नवी बॅटरी आणायची, की वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं, दिलेल्या-घेतलेल्या विजेची वजाबाकी करणाऱ्या नेट मीटरचं २ किलोवॉट घ्यायचं?

बॅटरीवाल्याची बाजू आधी. ना अर्ज, ना पाहणी. ओळखीचा वायरमन आला, एका दिवसात सगळं उभं. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, तेव्हा आमच्याकडे पंखा आणि वायफाय चालू होतं, शेजारची दोन पोरं आमच्या हॉलमध्ये बसून ऑनलाइन शाळा करत होती. ते समाधान मी विसरलेलो नाही.

पण हिशेब बघा. १२ व्होल्ट, १५० एएच म्हणजे कागदावर १.८ युनिट. ट्युब्युलर बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली तर लवकर जाते, म्हणून हाताशी येतं जेमतेम एक युनिट. दोन पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला अडीच युनिट देऊ शकतात. आम्ही दोघं कामावर, घरात आई एकटी. साडेबारापर्यंत बॅटरी भरायची आणि त्यानंतरचं कडक ऊन फुकट जायचं. रात्री दहालाच इन्व्हर्टर परत लाइनवर.

हेही एक वेळ चालवून घेतलं असतं. मला टोचलं ते वेगळंच. फ्रिज चालू असताना आईने मिक्सर लावला की इन्व्हर्टर ओव्हरलोड होऊन ओरडायला लागायचा. मग मला फोन: "अरे, लाल दिवा लागलाय, काय बंद करू?" मी ऑफिसात मीटिंगमधून बाहेर येऊन सांगायचो, आधी मिक्सर बंद कर, मग मागचं बटण दाब. पुढे तिचे फोन थांबले. मला वाटलं, जमायला लागलं. एका रविवारी पाहतो तर ती खाली बसून पाट्यावर खोबरं वाटत होती. सत्तरी ओलांडलेली बाई, स्वतःच्या स्वयंपाकघरात मिक्सर लावायला कचरते, हे मनातून गेलंच नाही. मोठा इन्व्हर्टर घेऊन सुटलं असतं, मान्य. पण मग बॅटऱ्याही दोन लागल्या असत्या आणि कमी खर्चाची गोष्टच संपली असती.

नेट मीटरवर घरात काय चालू, काय बंद, हे कोणाला बघावं लागत नाही. दुपारी उरलेली वीज लाइनमध्ये जाते, मीटरवर नोंद होते, रात्री तेवढी परत मिळते. आमचं २ किलोवॉट उन्हाळ्यात रोज आठेक युनिट देतं, जुलैच्या झडीत तीनवर येतं. बिल शून्य होईल असं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका, स्थिर आकार भरावाच लागतो. आणि लाइन गेली की भर उन्हातही ही सिस्टिम बंद पडते. दुरुस्तीला आलेल्या लाइनमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. ज्यांच्याकडे रोज वीज जाते त्यांनी इथेच थांबून विचार करावा. आमच्याकडे महिन्यातून एखादा तास जाते.

पंतप्रधान सूर्यघर योजनेचं अनुदान लाइनला जोडलेल्या सिस्टिमलाच आहे: १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ ला ६०,०००, ३ आणि पुढे ७८,०००. मला सव्वा लाख लागले, अनुदान वजा जाता पासष्ट हजार. मात्र ते नंतर खात्यात येतं, आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते. कागदपत्रं आणि मीटर बदलण्यात माझे दोन महिने गेले. अनुदानासाठी पॅनल आणि त्यातले सोलर सेल भारतात बनलेलेच लागतात, म्हणून जुने दोन जोडता आले नाहीत. ते शहापूरला मामांच्या घरावर लावले. तिथे वीज सारखी जाते, तिथे बॅटरीच बरी.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची अडचण गच्चीची. सोसायटीला लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, तो विषय सर्वसाधारण सभेत काढून बघा.

माझं मत नेट मीटरकडे झुकतं, हे लपवत नाही. तुमच्या घरचं गणित वेगळं असू शकतं. काहीही घ्या, पण पैसे देण्याआधी सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि तीनला गच्चीवर जाऊन सावली बघा, जमलं तर डिसेंबरात, तेव्हा दुपारची सावली सगळ्यात लांब पडते. एका पॅनलवर सावली आली तरी त्याच्याशी ओळीने जोडलेल्या बाकीच्यांची वीज उतरू शकते. आमच्या पाण्याच्या टाकीची सावली तीननंतर कडेच्या पॅनलवर येणार होती. खडूने रेघ मारून ठेवली आणि स्टँड चार फूट पूर्वेला घ्यायला लावला.